माफी मागायची राहिलीय? मग आजच मागा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या चर्चमधून कुणाच्या घरी मयत झालं की प्रार्थनेला जाणाऱ्या चार-पाच जणांत मी असतो, वीसेक वर्षं झाली आता. त्या घरांत एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. "बोलायचं राहून गेलं हो." भाऊ म्हणतो, सून म्हणते, एकदा तर चांगले ऐंशीच्या घरातले एक बाबा धाकट्या भावाच्या पेटीशेजारी खुर्ची ओढून बसलेले आणि तेच तेच म्हणत होते. मग चहा होतो, लोक पांगतात आणि कुणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं की माझं पण एकाशी असं आहे, काय करू. ते प्रश्न आणि मला जमतील तशी उत्तरं इथं लिहिलीत. मी पाळक नाही, फादर नाही, नाशिकरोडला राहणारा, वर्कशॉपमध्ये नोकरी केलेला माणूस आहे. पण ह्यातलं बरंचसं माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलंय, ते पण सांगणारे.

एवढी घाई कशाला? जरा डोकं शांत होऊ दे, मग बघू.

डोकं शांत होऊ द्या ना, रागात जाऊ नकाच, पण त्याला किती वेळ द्यायचा? बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना हद्द घालून दिलीय, सूर्य मावळायच्या आत राग सोडा म्हणतो (इफिस ४:२६). म्हणजे एक दिवस. आपण एक दिवसाचं एक वर्ष करतो आणि वर्षाची दहा वर्षं कधी होतात कळत पण नाही.

९०व्या स्तोत्रात आयुष्याचं माप दिलंय, सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, आणि लगेच पुढे मागणं आहे की देवा, आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव. मी एकदा खरंच मोजले. सत्तर वर्षांचे होतात २५,५५०. तुम्ही पन्नाशीचे असाल तर त्यातले १८,२५० वापरून झाले. आणि हे सत्तर मिळतीलच असं कुणी लिहून दिलेलं नाही.

याकोबाच्या पत्रात (४:१४) आयुष्याला धुक्यासारखी वाफ म्हटलंय, थोडा वेळ दिसते आणि मग दिसेनाशी होते. डिसेंबरात पहाटे कधी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, गेलात तर कळेल, होळकर पुलावर उभं राहिलं तर पलीकडची पंचवटी दिसत नाही इतकं धुकं असतं आणि नऊ वाजता त्याच जागेवर या, काही नाही, नुसतं ऊन.

बायबलमध्ये हे नेमकं कुठं सांगितलंय?

बऱ्याच ठिकाणी आहे, पण मला सगळ्यात जास्त लागतं ते मत्तय ५:२३-२४. येशू म्हणतो की तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये आणि दान वाहा.

ह्यात दोन गोष्टी आपण वाचताना गाळतो. एक म्हणजे, तुझ्या मनात त्याच्याविषयी काही आहे असं नाही म्हटलंय, त्याच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं म्हटलंय, म्हणजे ज्याला तू दुखावलंस तो माणूस. दुसरं अंतर. हे बोलणं चाललंय गालीलात, डोंगरावर, आणि वेदी आहे यरुशलेमच्या मंदिरात. गालीलातल्या माणसाला तिथवर पायी जायचं म्हणजे साधारण आपण नाशिकहून चालत ठाणे-मुंबई गाठण्यासारखं, चार-पाच दिवस लागायचे. तिथं पोचून, लाइनीत नंबर लागल्यावर आठवलं, तरी दान ठेव आणि परत गालीलात जा आणि मग पुन्हा ये. एवढी पायपीट चालेल पण तो अबोला नको. आणि आपला भाऊ तर नाशिकच्याच सिडकोत राहतो, रिक्षाने अर्धा तास.

मी देवाकडे माफी मागितलीय, रोज मागतो. देवाने माफ केलं मग माणसाकडे जायची काय गरज?

हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षं विचारला, कारण उत्तर सोयीचं होतं.

जक्कयाची गोष्ट वाचा, लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढला. येशूने वर बघितलं आणि म्हणाला लवकर उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. जक्कयाने अजून एक पैसा परत केलेला नाही, तरी येशू आधी घरी आला, हे लक्षात घ्या. भरपाई करून तारण विकत मिळत नाही, ते कृपेने आणि फुकट आहे. पण ती कृपा घरात आल्यावर जक्कय गप्प बसू शकला नाही, उठून उभा राहिला आणि म्हणाला माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. चौपट ही मेंढरं चोरणाऱ्याला नियमशास्त्रात सांगितलेली शिक्षा, म्हणजे त्याने स्वतःला सरळ चोराच्या लाइनीत उभं केलं. मग येशू म्हणतो, आज ह्या घराला तारण मिळालं. एवढ्याशा गोष्टीत "आज" दोनदा येतं.

जक्कय घराचं दार लावून नुसती प्रार्थना करत बसला असता तर ज्यांचे पैसे त्याने खाल्ले त्या लोकांच्या घरात काय बदललं असतं? काहीच नाही. देवाशी तुमचं मिटलं ही चांगली गोष्ट आहे, पण ज्याचं गेलंय त्याचं गेलेलंच आहे ना अजून.

माफी आणि भरपाई ह्यात फरक काय?

माफी तोंडाने, भरपाई हाताने. लेवीय ६ मध्ये हिशोबच दिलाय, फसवून घेतलेलं सगळं परत कर, वर पाचवा हिस्सा घाल आणि ते त्या मालकाला दे, आणि कधी, तर ज्या दिवशी दोषार्पण (केलेल्या दोषाबद्दल देवाला वाहायचं अर्पण) करशील त्याच दिवशी. आपण अर्पण रविवारी करतो आणि परतफेड "बघू पगार झाल्यावर".

सगळंच पैशाचं नसतं अर्थात. कुणाची चारचौघात बदनामी केली असेल तर त्याच चारचौघात जाऊन सांगायचं की मी बोललो ते खोटं होतं. एकट्याला गाठून सॉरी म्हणणं ही त्याची भरपाई होत नाही.

तो माणूसच वारला, आता काय?

हे जरा सविस्तर सांगतो.

२००३ साली माझ्या मिसेसच्या डिलिव्हरीच्या वेळी पैसे कमी पडले. माझा एक मित्र, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणायचो, त्याने रात्री अकरा वाजता हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ८,००० रुपये आणून दिले, त्यातल्या नोटा अजून पगाराच्या पाकिटातच होत्या. मी फेडले नाहीत. आज देतो उद्या देतो करत तीन वर्षं गेली आणि एकदा त्याने लग्नाच्या पंगतीत हसत हसत आठवण केली तर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या आठ हजारांनी काय बंगला होणारे का तुझा?" तो हसला नाही. ताटावरून उठला. त्यानंतर आम्ही चर्चमध्ये एकाच बाजूच्या बाकांवर बसायचो, तीन बाक सोडून, आणि आठ वर्षं एकमेकांना नुसतं "सलाम". प्रभुभोजनात एकाच कपातून द्राक्षारस घेऊन यायचो आणि गेटवर तो उजवीकडे, मी डावीकडे.

२०१४ च्या मे महिन्यात सकाळी दूध आणायला गेला आणि दुकानासमोरच कोसळला. मी मातीला गेलो. पेटी खाली सोडल्यावर सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मी पण टाकली, आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता त्यामुळे माती ओली, हाताला चिकटली, आणि घरी येऊन कितीही साबण लावला तरी नखांतली जाईना. तेव्हा कळलं की आता कुणाला सांगू.

आमच्या पाळकसाहेबांनी मला गणना ५:८ दाखवलं. ज्याचं नुकसान केलं तो माणूस नसेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाला भरपाई द्यायची, नातेवाईक पण नसेल तर ती देवाची, याजकाकडे द्यायची. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी पण लोकांना उशीर होत होता आणि त्याची सोय करून ठेवलीय. माणूस गेला म्हणून हिशोब संपत नाही, पत्ता फक्त बदलतो.

मी ८,००० आणि वर पाचवा हिस्सा १,६०० असे ९,६०० पाकिटात घालून वहिनींकडे गेलो. काय कशाचे आहेत ते सगळं सांगितलं, पंगतीतलं पण. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी पाकीट उघडून पैसे मोजले, मला वाटलं होतं रडतील किंवा हाकलतील, पण नीट बोटाला थुंकी लावून मोजले, आठ हजार बाजूला काढले आणि सोळाशे माझ्याकडे सरकवले. म्हणाल्या, "भाऊजी, हे कुणाकडून व्याज घेत नव्हते, मी कशी घेऊ? ह्याचा कबरीवर क्रूस करून घ्या, लाकडाचा लावलाय तो पावसात टिकायचा नाही." आणि निघताना म्हणाल्या, हॉलमधली ट्यूब लपलप करतेय, ह्यांनी स्टार्टर आणून ठेवलाय कपाटात, तेवढा बसवून द्या. मी स्टुलावर चढून त्याने आणलेला स्टार्टर बसवला.

क्रूस लावलाय. ईस्टरला पहाटे आम्ही कब्रस्तानात जातो तेव्हा तो दिसतो. पण खरं सांगतो, त्याच्या तोंडावर बोलायला मिळालं असतं तर मी ह्याच्या दहापट दिले असते. वहिनींनी घेतलं ते वहिनींचं झालं. त्याच्याकडे पोचलं का, ते ख्रिस्तासमोर उभं राहीन तेव्हाच कळेल.

चूक त्याची जास्त होती. मग मीच का आधी जाऊ?

असेल जास्त. ऐंशी टक्के त्याची आणि वीस तुमची धरा. मग तुमच्या विसाची माफी मागायला जा, त्याच्या ऐंशीचं त्याला आणि देवाला बघू द्या. फक्त तिथं जाऊन त्याला ही टक्केवारी सांगू नका. रोम १२:१८ मध्ये फार शहाणं वाक्य आहे, होईल तितकं, तुमच्याकडून, सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडून, बस.

जाऊन नेमकं बोलायचं काय? तोंडच उघडत नाही.

आपल्याकडे एक रेडिमेड वाक्य आहे, "कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ करा." निरोप समारंभाला बोलतात, लग्नाच्या शेवटी माइकवर बोलतात, आणि लोक भांडण मिटवायला जातात तेव्हा पण हेच बोलतात. ह्या वाक्याने आजवर कुणाचं मन हलकं झालेलं मी पाहिलेलं नाही. "काही" म्हणजे काय? "असेल तर" म्हणजे झालंय की नाही ते पण नक्की नाही? आणि नकळत? पंगतीत मी जे बोललो ते चांगलं कळत बोललो होतो.

काय केलं ते नाव घेऊन बोला. मी तुझे पैसे बुडवले. मी आईला तुझ्याविरुद्ध भरवलं. तू आजारी होतास आणि मी मुद्दाम आलो नाही. मग त्याला त्याचा काय त्रास झाला असेल ते तुम्हाला कळतंय हे सांगा. मग काय परत करताय ते. मग माफी. "पण" हा शब्द आला की थांबा, कारण "पण" च्या पुढे जे येतं ते सगळं वकीलपत्र असतं.

येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाने, वाटणी उडवून घरी परत निघालेल्या (लूक १५), बापाला काय सांगायचं ते आधी तिथंच पाठ केलं होतं, डुकरांजवळ बसून. तुम्ही पण कागदावर लिहून न्या, त्यात लाज नाही. आणि त्या मुलाच्या भाषणात मला दिसतं ते असं की सबब एक पण नाही, दुष्काळ पडला होता हे सुद्धा तो बापाला सांगत नाही.

व्हॉट्सॲपवर चालेल का?

माणूस दुबईत असेल तर व्हिडिओ कॉल करा. ब्लॉक केलं असेल तर पत्र लिहा, पोस्टाने अजून पोचतं. नाशिकमध्ये असेल तर जा. आणि स्टेटसला माफीचं वचन टाकून तो बघेल अशी वाट बघणं ह्याला माफी म्हणत नाहीत.

गेलो, माफी मागितली, आणि त्याने माफ केलंच नाही तर?

तर नाही केलं. तो त्याचा हक्क आहे, आपण कर्जदार म्हणून गेलोय, वसुलीला नाही गेलेलो. येशूचा शिष्य पेत्र, त्याला सातदा माफ केलं की पुरे का असं वाटत होतं आणि येशूने त्याला सातांच्या सत्तर पट सांगितलं (मत्तय १८), पण ते माफ करणाऱ्याला सांगितलंय. माफी मागणाऱ्याने ते वचन समोरच्याच्या तोंडावर मारायचं नसतं. मी असं करताना लोक पाहिलेत, सॉरी म्हणतात आणि लगेच बायबल उघडतात की बघ तुला माफ करावंच लागेल. फार वाईट वाटतं.

माझ्या ताईचं सांगतो. मम्मी २००९ ला वारली. तिच्या दोन पाटल्या होत्या, ताईला द्यायच्या असं मम्मी दहादा बोललेली. मी ताईला सांगितलं की दवाखान्यात मोडल्या. मोडल्या नव्हत्या, माझ्या कपाटात होत्या, एफडीच्या फायलीखाली. दादाच्या मातीहून आलो त्याच आठवड्यात त्या मम्मीच्या चर्चला न्यायच्या रुमालात बांधल्या आणि देवळाली कॅम्पला ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी तिथंच खाली बसून सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. हात धुतले, पुसले, एक पाटली घेतली आणि घालायला गेली तर बोटांच्या सांध्यांवरून पुढे जाईना, संधिवाताने हात सुजलेले. साबण लावून बघितलं, तरी नाही. मग म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी बसली असती रे." पाटली रुमालात ठेवली आणि म्हणाली, जा आता तू.

चार महिने फोन उचलला नाही तिने. मी पण दर आठवड्याला एकदाच करायचो, जास्त नाही, मागे लागलो नाही. देवापुढे मात्र रोज तिचं नाव घ्यायचो. पाचव्या महिन्यात तिचा फोन आला तो बीपीच्या गोळीचं नाव विचारायला.

समेट झाला म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं एकत्र राहायचं का?

नाही, तसं काही नाही. याकोब आणि एसाव बघा, उत्पत्ती ३२-३३. याकोबाने भावाला फसवलं, वीस वर्षं पळून राहिला, परत येताना घाबरून पुढे शेळ्या, मेंढरं, उंट, गाई, गाढवं असे पाचशेच्या वर प्राणी भेट पाठवले, आणि एसाव आला तो धावत, गळ्यात पडला, दोघं रडले. याकोब त्याला म्हणतो की तुझं तोंड बघितलं, जणू देवाचं तोंड बघितलं. इतकं सगळं झालं, आणि मग? एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. वेगवेगळे राहिले. पुढे बाप वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला माती दिली. मला हा फार खरा समेट वाटतो. एका छताखाली जमत नसेल तर नका राहू, पण बापाच्या मातीला शेजारी उभं राहता आलं पाहिजे.

ज्याने मला मारलं, छळलं, त्याच्याशी पण समेट करायला जायचं?

नाही. हे पान ज्याने दुखावलंय त्याच्यासाठी आहे, जिला मार बसलाय तिच्यासाठी नाही. नवरा मारतो आणि चर्चमधलं कुणी "क्षमा कर बाई, परत जा" म्हणत असेल तर ऐकू नका. माफ करणं तुमच्या आणि देवाच्या मधलं आहे, त्याला वेळ लागू दे, पण मार खायला परत जाणं म्हणजे माफी नाही. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, अंगावर आलं तर ११२. लेकराचं प्रकरण असेल तर १०९८. त्या माणसाला खरंच पश्चात्ताप झाला असेल तर तो लांब राहून दाखवेल, पोलिसांसमोर खरं बोलून दाखवेल.

सगळंच उघड करायचं का? तिला माहीतच नाही, सांगितलं तर घर मोडेल.

इथं मी घाईने उत्तर देणार नाही. काही कबुल्या अशा असतात की बोलणारा हलका होतो आणि ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर जातं. आधी एखाद्या पोक्त, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाशी बोला, तुमच्या पाळकांशी, फादरशी. पण "तिला त्रास नको" ही सबब आहे की खरी काळजी, हे प्रार्थनेत स्वतःला विचारा. आणि ह्या प्रश्नात सुद्धा आजच करता येईल असं एक आहे, ते चुकीचं चालू असेल तर आज बंद करा.

मी कॅथलिक आहे, फादरकडे कबुली केली. पुरेसं नाही का?

माझे कॅथलिक मित्र सांगतात आणि त्यांच्या चर्चची शिकवण पण तीच आहे, पापाची क्षमा मिळाली तरी ज्याचं नुकसान केलं ते शक्य तेवढं भरून द्यायचं असतं, चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर नाव साफ करायचं. कबुलीतलं फादर कुणालाही सांगत नाहीत, त्यामुळे तिथं मोकळं बोलता येतं आणि पुढे कसं जायचं ते विचारता येतं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना माणसाला तो माती आहे ह्याची आठवण देतात. कपाळावर राख असतानाच त्या दिवशी कुणाच्या तरी दारात जा, सोपं जातं म्हणतात.

वडिलांच्या घरावरून भावाशी कोर्टात चाललंय. आता कसलं मिटवणार?

मिटतं. मत्तय ५:२५ मध्ये येशूने चक्क कोर्टाच्या रस्त्याचं उदाहरण दिलंय, वादीबरोबर वाटेत आहेस तोवर त्याच्याशी मिटव. तारखेच्या आधी भावाला चहाला बोलवा, दोन्ही वकिलांना न घेता. जमतंय असं वाटलं तर लोकअदालतीत ठेवा, तिथं तडजोड झाली की त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच किंमत असते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि वर अपील नसतं. आणि जे ठरलं ते कागदावर, रजिस्टर करून. भावाभावांत कागद कशाला असं म्हणू नका, तुम्ही दोघं गेल्यावर तुमच्या पोरांना तो कागदच वाचवणारे.

मधे पडायला कुणीतरी लागतं कधी कधी. पौलाने फिलेमोनाला लिहिलं तेव्हा त्याच्याकडून गेलेल्या अनेसिम नावाच्या गुलामासाठी हेच केलं, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड म्हणाला. असा माणूस तुमच्या नात्यात असेल तर त्याला आज फोन करा, कारण तो पण म्हातारा झालाय.

मी ख्रिस्ती झालो म्हणून घरच्यांनी तोडलं. मी कशाची माफी मागू?

विश्वासाची माफी मागायची नाही. पण आपण कसे निघालो, काय बोलून निघालो, कुणाला न सांगता निघालो, ते आठवून बघा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यांच्यावर काय आभाळ कोसळलं असेल. काही वर्षं दोघं वेगळे होते. पुन्हा एकत्र आले ते पत्रं, भेटी, रुसवे, माघार असं सगळं करत करत, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ती तुटलेली वर्षं लक्ष्मीबाईंनी आत्मचरित्रात लपवून ठेवली नाहीत, नवऱ्याचीही भीड ठेवली नाही. घरच्यांचं दुःख खरं होतं एवढं कबूल करणं म्हणजे येशूला नाकारणं नव्हे. आईच्या पाया पडायला जा.

जे परत देताच येत नाही त्याचं काय? गेलेली वर्षं, गेलेलं नाव?

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण शरणपूर हे नाव कशावरून पडलं ते फार जणांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथं ख्रिस्ती वसाहत उभी केली आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंमुली तिथं आणली, शाळा शिकवली, सुतारकाम लोहारकाम शिकवलं. त्या मुलांचं जे गेलं होतं, आईबाप, गाव, भाषा, ते नाशिकमध्ये कोण परत देणार होतं? कुणीच नाही. तरी जे देता आलं ते दिलं, छप्पर दिलं, अक्षर दिलं. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा दफनविधीची प्रार्थना ह्या नाशिकमध्ये शिकलेल्या पोराने वाचली आणि पुढे त्याचा देह इंग्लंडपर्यंत पोचवला.

तुम्ही मुलाचं बालपण दारूत घालवलं असेल तर ते बालपण आता परत देता येणार नाही, तो पस्तीस वर्षांचा आहे. पण त्याच्या मुलीला शाळेतून आणायला रोज दुपारी गेटवर उभं राहता येईल, शुद्धीत. ते द्या. आणि ते बरोबरीचं झालं असं कधी म्हणू नका.

पैसे परत करायचेत पण आत्ता नाहीतच.

आज जाऊन कबूल करा, किती आहेत ते आकड्यात सांगा, दर महिन्याला पाचशे का होईना हप्ता ठरवा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की हे देणं आहे, म्हणजे तुम्हाला काही झालं तरी ते फिटेल. लोक पैसे जमेपर्यंत तोंड चुकवत राहतात. दादाच्या बाबतीत मी हेच केलं, आणि पैसे जमले होते हो मधे दोनदा.

सगळं केलं, तरी हलकं वाटत नाही.

मला पण नाही वाटलं लगेच. येशू उठल्यावर पेत्राला तळ्याकाठी भेटला (योहान २१), निखाऱ्यांवर मासे भाजलेले, आणि तीनदा विचारलं माझ्यावर प्रीती करतोस का. येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्राने त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं, म्हणून तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय, म्हणजे जखम धुताना पण झोंबतंच. पण आधी येशूने त्यांना जेवायला घातलं होतं, हे मी सारखं स्वतःला सांगतो.

ताईचं म्हणाल तर पाटल्यांचा विषय ती काढत नाही, मी पण काढत नाही. एक पाटली तिच्या सुनेच्या हातात असते रविवारी, दुसरी कुठे आहे मी विचारलेलं नाही. गेल्या डिसेंबरात तिचा फोन आला, नाताळाच्या करंज्या लाटायला माझे हात चालत नाहीत, येतोस का. गेलो. मी लाटत होतो, ती सारण भरत होती आणि दर दुसऱ्या पारीला म्हणत होती, "अरे किती जाड लाटतोस, पातळ लाट जरा."